दोन काळांतल्या लाइटवेटची जोड कशी लावावी

मुष्टियुद्धाच्या लाइटवेट गटातले दोन वेगळ्या काळांतले विजेते, १९७० च्या दशकातला रॉबर्टो डुरान आणि १९८९-९० च्या सुमारासचा पर्नेल व्हिटेकर, एकाच रिंगमध्ये उतरले असते तर कोण जिंकलं असतं? हा प्रश्न निघाला की पाच मिनिटांत वाद पेटतो आणि दहाव्या मिनिटाला ‘मुळात थोर कोण’ इथे येऊन रुतून बसतो. लढत तिथे ठरतच नाही. कुठल्या रात्रीचा डुरान, वजन काट्यावर कधी झालं, फेऱ्या किती, ग्लोव्ह किती औंसांचे, मिठी (दोघांनी एकमेकांना धरून ठेवणं) सोडवायला पंच किती वेळ घेणार, हे आधी कागदावर उतरलं नाही तर प्रत्येक जण मनातल्या मनात वेगळी लढत बघत असतो आणि भांडतो मात्र एकाच निकालावरून. म्हणून क्रम पक्का ठेवावा: आधी अटी, मग पुरावा, मग फेऱ्या, सगळ्यात शेवटी निकाल.

या कामाला लाइटवेटइतका सोयीचा गट दुसरा नाही. हेवीवेटमध्ये १८५ पाउंडांचा मार्सियानो आणि २४० पाउंडांचा आजचा मल्ल समोरासमोर आणला की अर्धी चर्चा आकारमानातच संपते. लाइटवेटची मर्यादा मात्र शंभराहून अधिक वर्षं जवळपास हललेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा विजेता जो गान्स याच्या वेळी ती १३३ पाउंड धरली जायची, पुढे १३५ पाउंड, म्हणजे ६१.२ किलो, झाली आणि तिथेच राहिली. त्यामुळे १९०६ चा माणूस आणि १९९० चा माणूस खरोखरच एका काट्यावर उभे करता येतात. यात एक फसगत आहे, ती वजनाच्या अटीत येईल.

एकच रात्र निवडा

नुसतं नाव पुरत नाही, तारीख हवी. डुरानचंच बघा. २६ जून १९७२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केन ब्युकॅननवर तुटून पडलेला डुरान २१ वर्षांचा होता. सगळी आग, दम घ्यायचं नाव नाही. २१ जानेवारी १९७८ ला लास व्हेगासमध्ये एस्तेबान दे हेसूसला बाराव्या फेरीत संपवणारा डुरान २६ वर्षांचा होता. तो हुलकावण्या देऊन समोरच्याला आधी ठोसा मारायला लावायचा, डोकं थोडंसं हलवून तो चुकवायचा आणि मग आत शिरायचा. याच दे हेसूसने त्याला १९७२ मध्ये दहा फेऱ्यांच्या बिगर-किताबी लढतीत हरवलं होतं आणि पहिल्याच फेरीत पाडलंही होतं. १९७४ च्या दुसऱ्या लढतीतही पहिल्या फेरीत तो पडला, पण अकराव्यात जिंकला. तिन्ही लढती ओळीने बघितल्या की एकाच माणसातले तीन मुष्टियोद्धे दिसतात.

रात्र निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. माणूस त्या रात्री लाइटवेटच्या मर्यादेत उतरलेला असावा. समोरचा तगडा असावा, कारण दुबळ्यासमोर सगळेच देखणे दिसतात. आणि लढतीचं चित्रण शक्यतो पूर्ण मिळावं. प्रसिद्धी ही कसोटी नाही.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण दुसऱ्या वजनातल्या आठवणी नकळत आत शिरतात. डुरानने नोव्हेंबर १९८० मध्ये शुगर रे लेनर्डसमोर लढत अर्ध्यावर सोडली ती वेल्टरवेटमध्ये, म्हणजे १४७ पाउंडांच्या गटात. लाइटवेट डुरानच्या मनोधैर्याचं मोजमाप त्यावरून काढणं हा अन्याय आहे. हूलिओ सेझार चावेझ म्हटलं की अनेकांना त्याच्या १४० पाउंडांच्या लढती आठवतात, पण लाइटवेट चावेझ पाहायचा तर २१ नोव्हेंबर १९८७ ची रात्र काढा, एडविन रोझारिओला अकराव्या फेरीत थांबवलं ती. आत शिरून बरगड्यांवर काम करण्याचा त्याहून चांगला धडा सापडणं कठीण. व्हिटेकरसाठी २० ऑगस्ट १९८९, होसे लुईस रामिरेझविरुद्धची परतीची लढत, ही रात्र घ्यावी. पंचवीस वर्षांचा, पायांत वारा, आणि सतरा महिन्यांपूर्वी फ्रान्समध्ये वादग्रस्त निर्णयाने हिरावलेला किताब परत घ्यायला उतरलेला.

अटींचा कागद

वजनापासून सुरुवात करा, कारण फसगत इथे आहे. पूर्वी वजन लढतीच्या दिवशी व्हायचं. १९८० च्या दशकापासून ते आदल्या दिवशी घ्यायची पद्धत रुळली. आदल्या दिवशी शरीरातलं पाणी काढून १३५ वर उतरायचं आणि रात्रभरात ते भरून काढायचं, हे आज सर्रास चालतं. रिंगमध्ये उतरणारा माणूस प्रत्यक्षात बराच जड असतो. उलट टोकाला ३ सप्टेंबर १९०६, नेवाडातलं गोल्डफिल्ड: जो गान्सला बॅटलिंग नेल्सनविरुद्ध लढतीच्याच दिवशी एकदा नव्हे तर तीनदा काट्यावर उभं केलं गेलं, तेही लढतीच्या साजासकट, आणि मर्यादा १३३. अशा गान्सला आजच्या पद्धतीने वजन करू दिलं तर तो आणखी खालच्या गटातही बसेल. आणि रात्रीतून पाच-सहा किलो भरून काढणाऱ्या आजच्या लाइटवेटला त्याच दिवशीच्या वजनाची अट घातली तर तो लाइटवेट राहतच नाही. म्हणून कागदावर दोन आकडे लिहा: काट्यावरचं वजन आणि रिंगमधलं वजन. दुसऱ्या आकड्यात चार पाउंडांहून अधिक फरक पडत असेल तर लढत लावण्याआधी पद्धत बदला. सगळ्यात न्याय्य तोडगा म्हणजे लढतीच्या सकाळी वजन, दोघांनाही सारखं.

फेऱ्यांची संख्या ही दुसरी मोठी अट. किताबाच्या लढती अनेक दशकं १५ फेऱ्यांच्या होत्या. १३ नोव्हेंबर १९८२ ला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेल्या दक्षिण कोरियाच्या किम दुक-कूचा मृत्यू झाला. ती लाइटवेटचीच लढत होती. त्यानंतर आधी एका जागतिक संघटनेने आणि मग दशक संपेपर्यंत बाकीच्यांनी मर्यादा १२ वर आणली. या तीन फेऱ्या म्हणजे नुसती नऊ मिनिटं नव्हेत. बारा फेऱ्यांचा माणूस दम वेगळा वाटून घेतो. शरीरावर मारलेल्या ठोशांचं व्याज तेराव्या फेरीपासून वसूल होतं, आणि ते वसूल करायची सवय डुरानला होती, व्हिटेकरसमोर तसा प्रसंग आलाच नाही, कारण त्याच्या किताबी लढती बारा फेऱ्यांच्या.

त्याहून मागे गेलात तर ‘संपेपर्यंत लढत’ भेटते. गोल्डफिल्डची लढत ४२ फेऱ्या चालली. तीन मिनिटांची फेरी आणि मिनिटाची विश्रांती धरली तर साधारण पावणेतीन तास, आणि शेवटी नेल्सनला कमरेखालच्या ठोशाबद्दल बाद केलं गेलं. तिथे गुण मिळवून जिंकणं हा प्रकारच नाही. अशा अटींवर जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाने) फेऱ्या चोरणाऱ्या माणसाचं अर्धं शस्त्र म्यान होतं.

१९१७ ते १९२५ लाइटवेट विजेता असलेल्या बेनी लेनर्डच्या काळासाठी आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. त्याच्या अनेक लढती निर्णयच न देण्याच्या कायद्याखाली झाल्या. दोघे शेवटपर्यंत उभे राहिले तर अधिकृत विजेता नाही. वार्ताहर दुसऱ्या दिवशी आपापलं मत छापायचे. किताब जायचा तो फक्त नॉकआउटने किंवा बाद झाल्याने. असा विजेता पुढे असताना जोखीम कशाला घेईल? त्याच्या संथ फेऱ्या बघताना हे लक्षात ठेवलं नाही तर सावधपणा हा भित्रेपणा वाटतो. त्याच्या नावापुढच्या अशा लढती विजय-पराजयाच्या रकान्यात मोजू नका, वेगळा रकाना करा.

बाकीच्या अटी पटापट लिहून टाका. ग्लोव्ह: आज १४७ पाउंडांपर्यंत ८ औंसांचे वापरतात, गान्सच्या काळात ५-६ औंसांचे. हलक्या ग्लोव्हमागे चेहरा नीट झाकत नाही आणि कवटीवर मारलेल्या ठोशाने स्वतःचाच हात मोडतो, म्हणून त्या काळी डोक्यावर नेमकं आणि शरीरावर जास्त मारायचे. रिंग: आतून १८ फूट की २० फूट हे ठरवा. १८ फुटांत ३२४ चौरस फूट मिळतात, २० फुटांत ४००, म्हणजे पळणाऱ्याला जवळपास पाव हिस्सा जास्त जागा. पाडल्यानंतरचा नियम: बेनी लेनर्डच्या काळापर्यंत पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून तो उठताक्षणी पुन्हा मारता यायचं; दूरच्या कोपऱ्यात जाणं आणि आठ आकड्यांची सक्तीची मोजणी नंतर रुजली. कॉर्नर, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये सल्ला देणारे प्रशिक्षक: डुरानमागे रे आर्सेल आणि फ्रेडी ब्राउन, व्हिटेकरमागे जॉर्ज बेंटन. आर्सेल हा इथला अजब दुवा आहे, कारण १९३१-३२ मध्ये पुनरागमन करणाऱ्या बेनी लेनर्डच्या कॉर्नरमध्येही तोच होता. लेनर्डविरुद्ध डुरान अशी जोड लावणार असाल तर तो कुणाच्या बाजूला, हे आधीच ठरवा.

पंचाचा स्वभाव ही अट लोक नेमकी विसरतात. २२ ऑगस्ट १९३९ च्या परतीच्या लढतीत हेन्री आर्मस्ट्राँगकडून कमरेखालच्या ठोशांसाठी पाच फेऱ्या काढून घेतल्या गेल्या आणि किताब लू अँबर्सकडे गेला. दुसरा पंच असता तर कदाचित आर्मस्ट्राँगच विजेता राहिला असता. डुरान, आर्मस्ट्राँग, नेल्सन यांपैकी कुणीही रिंगमध्ये असेल तर कागदावर स्पष्ट लिहा: मिठीत एक हात मोकळा असेल तोवर पंच मारू देईल, आणि कमरेखालच्या ठोशाला एक ताकीद, मग गुण कमी.

चित्रण कसं बघावं

मूकपटांच्या काळातलं चित्रण हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचं, साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेमचं. तेच २४ फ्रेमने दाखवलं की माणसं तुरूतुरू पळतात आणि बघणारा म्हणतो, यांना लढता येत नव्हतं. वेग आधी दुरुस्त करा. घंटेपासून घंटेपर्यंतची अखंड फेरी सापडली तर घड्याळ लावा. १८० सेकंदांची फेरी १२० सेकंदांत संपली तर प्लेयरचा वेग ०.६७ ठेवा. फेरी मध्ये कापलेली असेल तर हा हिशेब चुकतो. अशा वेळी कोसळणारा माणूस बघा, आणि तो नेहमीच्या वेगाने जमिनीवर येईपर्यंत वेग कमी करत जा. दुरुस्त वेगात गान्स बघितला की त्याची बचत दिसते: पाऊल हलतं ते इंचभर, ठोसा डोक्याशेजारून जातो आणि उजवा हात आधीच निघालेला असतो.

त्या काळाचं चित्रण इतकं थोडं का, याचं एक कारण कायद्यात आहे. १९१२ ते १९४० अमेरिकेत लढतींचं चित्रण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी होती. बेनी लेनर्डची जवळपास सगळी कारकीर्द त्याच खिडकीत येते. त्याच्यासाठी वृत्तपत्रांतल्या फेरीनिहाय बातम्या वापराव्या लागतात. दोन शहरांतल्या दोन वेगळ्या वार्ताहरांचं जुळतं तेवढंच घ्या.

ठोशांची संगणकी नोंद १९८५ पासून सुरू झाली, त्याआधीचं तुम्हालाच मोजायचं आहे. अख्खी लढत मोजू नका, कंटाळा आला की डोळा ढिला पडतो. तीन फेऱ्या घ्या: दुसरी, सातवी आणि शेवटून दुसरी. प्रत्येक फेरीचे अर्ध्या मिनिटाचे सहा कप्पे करा आणि अर्ध्या वेगाने एका वेळी एकाच माणसाकडे बघा. रकाने चार: मारलेले ठोसे, लागलेले ठोसे, त्यांतले शरीरावरचे, आणि पाठ दोराला किती वेळा टेकली. तीन फेऱ्या, दोन माणसं, अर्धा वेग, म्हणजे ३६ मिनिटांचं काम. लागलेला ठोसा तोच, जो मुठीच्या पुढच्या भागाने डोक्यावर किंवा धडावर बसला. हातावर, खांद्यावर आपटलेला नव्हे. प्रेक्षकांच्या आरोळीवर जाऊ नका, शक्य असेल तर आवाज बंद करा. आणि निवडक क्षणांच्या जोडफिती या कामासाठी बाजूला ठेवाव्यात, कारण तिथे हुकलेला ठोसा कापलेला असतो आणि मुष्टियुद्धाचा मोठा भाग हुकलेल्या ठोशांचाच आहे.

प्रतिनिधी शोधा

दोघे भेटले नाहीत, पण दोघांनाही एकमेकांसारखं कुणीतरी भेटलेलं असतं. तो शोधणं हा या कामातला सगळ्यात रसाळ भाग.

व्हिटेकरच्या दर्जाचा डावखुरा डुरानला लाइटवेटमध्ये भेटला नाही. पण हाताला न लागणारा माणूस भेटला होता: एडविन विरुएट. डुरानने किताब बारा वेळा राखला, अकरा वेळा नॉकआउटने. शेवटपर्यंत उभा राहिला तो एकटा विरुएट, सप्टेंबर १९७७ मध्ये फिलाडेल्फियात, १५ फेऱ्या. त्याआधी १९७५ मध्येही दोघे दहा फेऱ्या लढले होते आणि तेव्हाही निकाल गुणांवर लागला. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही लिहावे लागतात. चपळ माणूस डुरानसमोर टिकू शकतो. आणि टिकला तरी हरतो.

व्हिटेकरच्या बाजूने मोठा पुरावा १० सप्टेंबर १९९३ चा, सॅन अँटोनिओतली चावेझविरुद्धची लढत. अधिकृत निकाल बरोबरी: दोन गुणपत्रिका ११५-११५, एक व्हिटेकरला ११५-११३. बहुसंख्य जाणकारांना व्हिटेकर स्पष्ट जिंकलेला दिसला. पुढे पुढे सरकणारा, शरीर फोडणारा महान मल्ल त्याने जवळून खेळवला, कधी कधी तर छातीला छाती लावून. हे मात्र १४५ पाउंडांच्या करारावर, चावेझच्या सर्वोत्तम वजनाहून वर. म्हणून पुराव्याला पूर्ण वजन देऊ नका, अर्धं द्या. १९ मे १९९० ला अझुमा नेल्सनला त्याने बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं तो पुरावा वजनाने अचूक आहे, पण नेल्सन खालच्या गटातून वर आलेला होता.

लेनर्डविरुद्ध व्हिटेकर अशी जोड असेल तर प्रतिनिधी तयारच आहे: डावखुरा ल्यू टेंडलर. २७ जुलै १९२२ ला जर्सी सिटीत टेंडलरच्या डाव्या हाताने आठव्या फेरीत लेनर्डचे गुडघे हलले. वर्षभराने, २४ जुलै १९२३ ला यांकी स्टेडियममध्ये लेनर्डने त्यालाच १५ फेऱ्यांत स्पष्ट हरवलं. म्हणजे लेनर्डला डावखुरा पहिल्या भेटीत अवघड जातो, दुसऱ्या भेटीत नाही. काल्पनिक लढत पहिली भेट धरायची की दुसरी, हेही अटींच्या कागदावर गेलं पाहिजे.

पावलं जवळून बघा

आता डुरान १९७८ आणि व्हिटेकर १९८९ एका रिंगमध्ये आणू. १५ फेऱ्या, सकाळी वजन, ८ औंसांचे ग्लोव्ह, १८ फुटांची रिंग, फेरीला दहा गुणांची पद्धत (फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला कमी).

उजव्या हाताचा माणूस आणि डावखुरा समोरासमोर आले की दोघांची पुढची पावलं एकमेकांना भिडतात. ज्याचं पाऊल बाहेरच्या बाजूला, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट. व्हिटेकर आपलं उजवं पाऊल डुरानच्या डाव्या पावलाबाहेर टाकणार, म्हणजे स्वतःच्या उजवीकडे सरकणार. तिथे डुरानचा उजवा हात दूर पडतो, हा फायदा. पण त्याच दिशेला डुरानचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) उभा असतो आणि डुरान तो यकृतावर मारायचा. आणखी एक गोष्ट: डुरान वाट अडवायला पाऊल सरळ टाकत नाही, तिरकं टाकतो, त्यामुळे पळणाऱ्याला रिंग लहान वाटू लागते.

व्हिटेकरच्या हातांची पोच ६९ इंच, डुरानची त्याहून साधारण दोन इंचांनी कमी. उजवा जॅब मारून व्हिटेकर कमरेतून असा वाकतो की समोरच्याचा ठोसा पाठीवरून जातो. मग हात समोरच्याच्या कमरेला लावून त्याला वळवतो आणि स्वतः मागे जाऊन उभा राहतो. चावेझला हे कोडं सुटलं नाही. डुरानकडे त्याचे दोन तोडगे आहेत: खाली गेलेल्या डोक्यासाठी आखूड उजवा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा), आणि मिठीत खांदा हनुवटीखाली घुसवून वळू न देणं. कमरेखाली डोकं नेणं नियमात बसत नाही, म्हणून आपला पंच व्हिटेकरला ताकीद देतो का, हा प्रश्न कागदावरच्या ओळीला येऊन भिडतो.

एवढं झाल्यावर फेऱ्या लिहा, पण ‘ही फेरी अमक्याची’ असं नाही. टक्क्यांत लिहा. आमचा अंदाज: १ ते ५ फेऱ्यांत प्रत्येक फेरी व्हिटेकरने जिंकण्याची शक्यता ६५ टक्के, कारण डुरान अंतर शोधत असेल. ६ ते १० मध्ये ५९. ११ ते १५ मध्ये ५०, कारण तोवर बरगड्या दुखत असतील. सरासरी ५८ येते. थांबवण्याची, म्हणजे लढत वेळेआधीच संपवण्याची, शक्यता वेगळ्या रकान्यात: डुरानने व्हिटेकरला थांबवण्याची पहिल्या बारा फेऱ्यांत फेरीमागे दीड टक्का, शेवटच्या तीन फेऱ्यांत चार टक्के. व्हिटेकरने डुरानला थांबवणं या लढतीत शून्य धरलं आहे.

हिशेब असा. बारा फेऱ्या उभं राहण्याची शक्यता ०.९८५ बारा वेळा गुणून ०.८३. पुढच्या तीन फेऱ्यांसाठी ०.९६ तीन वेळा गुणलं की ०.७४. पंधरा फेऱ्या पूर्ण झाल्या तर सरासरी ५८ टक्क्यांनी निम्म्याहून जास्त फेऱ्या मिळण्याची शक्यता साधारण ७४ टक्के. दोन्ही गुणले की व्हिटेकर ५४ टक्के, डुरान ४६. आता फक्त फेऱ्यांची अट बदलून १२ करा. सरासरी ६० होते, उभं राहण्याची शक्यता ०.८३ वर थांबते, आणि उत्तर येतं: व्हिटेकर ५५, डुरान ३०, बरोबरी १५. बरोबरीचा आकडा फुगलेला आहे, तीन गुणलेखकांच्या पत्रिका इतक्या वेळा जुळत नाहीत, पण कल स्पष्ट दिसतो. दोघांमधलं अंतर आठ टक्क्यांवरून पंचवीसवर जातं. माणसं तीच, रात्री त्याच. डुरानची बाजू घेणाऱ्याने १५ फेऱ्यांसाठी भांडायला हवं, त्याच्या थोरपणासाठी नव्हे.

कुठे बिघडतं

टक्के लिहिताना हात सैल सुटतो. कुणाही मोठ्या लाइटवेटविरुद्ध थांबवण्याची शक्यता फेरीमागे तीन टक्के लिहिली तर ती लहान वाटते, पण पंधरा फेऱ्यांत ती ३७ टक्के होते. एखाद्याला कारकीर्दीत क्वचितच कुणी थांबवलं असेल तर हा आकडा खोटा आहे. म्हणून फेरीचा आकडा लिहिल्यावर लगेच संपूर्ण लढतीचा काढा आणि त्या माणसाच्या कारकीर्दीशी ताडून बघा.

दुसरा बिघाड म्हणजे जुन्याला आजचं सगळं देणं आणि आजच्याला जुन्याचं काहीच न देणं. गान्सला आजचा आहार आणि दातांचं कवच देत असाल तर त्याच्या काळातल्या महिन्यात दोन-तीन लढतींचा सरावही काढून घ्यावा लागतो, आणि तो सराव हीच त्याची शाळा होती. एक ठरवा: दोघांना आपापल्या तयारीसकट उचलून आणायचं, किंवा दोघांना एकाच काळात वाढवायचं. पहिलंच करा, दुसऱ्यात माणूसच बदलतो आणि मग त्याच्याबद्दल काहीही म्हणता येतं.

यंत्राच्या हवाली करूनही यातून सुटका नाही. २० जानेवारी १९७० ला अली आणि मार्सियानो यांची ‘संगणकाने ठरवलेली’ लढत चित्रपटगृहांत दाखवली गेली. दोघांनी ती कॅमेऱ्यासमोर मिनिटा-मिनिटाच्या फेऱ्यांत खेळून दिली होती आणि वेगवेगळे शेवट आधीच चित्रित करून ठेवले होते; अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. आत काय घातलं होतं हे बघणाऱ्याला कळत नव्हतं, म्हणून निकालावर वाद घालायलाही जागा नव्हती. तुमचा कागद मात्र उघडा असतो.

कुणी निकाल मान्य करत नसेल तर त्याला कागद द्या आणि एका वेळी एकच अट बदलायला सांगा. दोन अटी एकदम बदलल्या तर निकाल कशामुळे फिरला ते कळत नाही. आधी रिंग २० फुटांची करा, पुन्हा गुणाकार. मग ती १८ वर आणून पंच बदला. मग फेऱ्या ४२ पर्यंत वाढवा, फेऱ्या जिंकण्याचे टक्के खोडून टाका, आणि बघा व्हिटेकरच्या उजव्या जॅबचं काय उरतं.